लहान धंद्याची बाजू मांडायला निघालेल्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यात सार्वजनिक धोरणाचं शिक्षण घेऊन फिनटेक कंपन्यांच्या धोरण विभागात रुजू होणारे तरुण-तरुणी आणि त्यांना शिकवणारे प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक धोरण शिकलेल्यांनी संशोधन संस्थेत जावं, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात काम करावं किंवा स्पर्धा परीक्षा द्यावी, ही वाट जुनी आहे. आता पेमेंट आणि कर्जाची अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनाही धोरणाची माणसं लागतात. रिझर्व्ह बँकेचा मसुदा आला की त्यावर अभिप्राय लिहायचा, मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना भेटायचं, संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीसाठी टिपण तयार करायचं, असं ते काम असतं. या कागदांमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘या बदलामुळे लहान व्यावसायिकांचं हित साधेल.’ आमचं पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. ते खरं ठरण्यासाठी काय माहीत असावं लागतं, ते इथे शक्य तितक्या तपशिलात लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘एमएसएमई’ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) हा शब्द मसुद्यात घालण्याआधी त्यातला नेमका कोण, ते ठरवा. मंडईबाहेरचा हातगाडीवाला, रविवार पेठेतला घाऊक व्यापारी आणि भोसरीत दोन सीएनसी मशिनं लावून जॉबवर्क करणारा उद्योजक हे तिघेही लहानच. पण तिघांना लागू होणारे नियम वेगळे. हातगाडीवाल्याचा प्रश्न महापालिकेच्या विक्री प्रमाणपत्रापासून सुरू होतो, कारण पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज त्या प्रमाणपत्रावर किंवा महापालिकेच्या शिफारसपत्रावर अवलंबून असतं. भोसरीच्या उद्योजकाला एमएसएमईडी कायदा, २००६ मधलं संरक्षण आहे: खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याकडे उद्यम नोंदणी (सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवरची एमएसएमई नोंदणी) असली तरी ते संरक्षण नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाराला उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायच्या कर्जापुरती. ‘सर्व उद्यमधारकांना ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क’ असं लिहिलेलं निवेदन पुढे गेलं, की वाचणारा अधिकारी तिथेच समजून जातो की लिहिणाऱ्याने कायदा उघडून पाहिलेला नाही.

उलाढालीची मर्यादाही पाहून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो. लघु उद्योगाची सीमा २५ कोटी आणि १०० कोटी अशी आहे. महिन्याला साठ हजारांचा गल्ला असणारा आणि वर्षाला नऊ कोटींची बिलं करणारा असे दोघे एकाच खणात बसतात. म्हणून मागणीत ‘सूक्ष्म उद्योग’ एवढंच लिहून भागत नाही, उलाढालीचा आकडा लिहावा लागतो.

आता क्यूआरकडे वळू. साउंडबॉक्समधून ‘दोनशे रुपये प्राप्त’ असा आवाज आला की दुकानदाराच्या लेखी पैसे आले. पण तो आवाज व्यवहार यशस्वी झाल्याची सूचना असते. बँकेने थेट दिलेल्या क्यूआरमध्ये पैसे बहुधा खात्यात लगेच दिसतात. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरच्या (दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीच्या) क्यूआरमध्ये ते आधी अ‍ॅग्रिगेटरच्या एस्क्रो खात्यात (दुकानदारांचे पैसे वेगळे ठेवण्याच्या खात्यात) जातात आणि सेटलमेंट, म्हणजे हिशेब चुकता, होऊन, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, दुकानदाराकडे येतात. सेटलमेंटमधून साउंडबॉक्सचं भाडं किंवा कर्जाचा रोजचा हप्ता वळता झाला की दिवसाची बेरीज आणि खात्यात आलेली रक्कम जुळत नाही, आणि ती जुळवायला दुकानदाराकडे मराठीत एक साधा तक्ताही नसतो. असा तक्ता सक्तीचा करा, ही मागणी लहान वाटेल. दुकानदाराच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. एकूण जमा, वजावट कशासाठी, निव्वळ रक्कम आणि यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख) क्रमांक, एवढे चार रकाने पुरतात.

इथेच तुमच्या कंपनीचं हित आणि दुकानदाराचं हित वेगळं होतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. म्हणजे क्यूआर बसवणाऱ्या कंपनीला त्या व्यवहारातून दुकानदाराकडून काही मिळत नाही. सरकार त्याची भरपाई प्रोत्साहन योजनेतून करतं. २०२४-२५ साठी ती सुमारे १,५०० कोटींची होती, लहान व्यापाऱ्याकडच्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के. दोन हजारांच्या बिलावर हे तीन रुपये होतात, आणि ते बँका व पेमेंट कंपन्यांमध्ये वाटले जातात. दुकानदाराच्या हातात येत नाहीत. त्यामुळे धोरण विभागावर एमडीआर परत आणण्याची बाजू मांडण्याचा दबाव असणार. ती बाजू मांडण्यात गैर काही नाही. यंत्रणा चालवायला पैसा लागतो आणि तो कुठून यावा हा रास्त प्रश्न आहे. फक्त ती मागणी ‘लहान व्यावसायिकांच्या हितासाठी’ या मथळ्याखाली घालू नका. आणि मांडलीच, तर उंबरठा आकड्यात द्या. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये डेबिट कार्डाच्या एमडीआरसाठी २० लाखांच्या वार्षिक उलाढालीची रेषा ओढली होती: त्याखाली कमाल ०.४० टक्के, क्यूआरने ०.३० टक्के, त्याहून जास्त उलाढालीला ०.९० आणि क्यूआरने ०.८० टक्के. आजची रेषा कुठे असावी, उलाढाल कोण तपासणार आणि दुकानदाराचा वर्ग चुकला तर तो किती दिवसांत दुरुस्त होणार, या तीन प्रश्नांची उत्तरं त्या मागणीतच हवीत. वर्ग चुकण्याचं कारण साधं असतं. क्यूआर बसवायला आलेला मुलगा फॉर्ममध्ये पहिला दिसेल तो पर्याय निवडतो आणि नंतर त्याकडे कुणी पाहत नाही.

जीएसटीची गाठ याच क्यूआरला बांधलेली आहे. जुलै २०२५ मध्ये बंगळुरात यूपीआयच्या आकड्यांवरून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या, आणि अनेकांनी क्यूआर काढून ‘फक्त रोख’ असे कागद लावले. तिथे घडलं ते तुळशीबागेतही घडू शकतं. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची वार्षिक मर्यादा ४० लाख, सेवांना २० लाख. पण क्यूआरवर जमा झालेला प्रत्येक रुपया उलाढाल नसतो. भावाने पाठवलेले पैसे असतात, परत आलेली उसनवारी असते, भिशीचा हप्ता असतो, दुसऱ्याच्या रिचार्जचे पैसे असतात. फक्त दूध आणि ताजी भाजी विकणाऱ्याला करमुक्त मालामुळे नोंदणीच लागत नाही, मग जमा कितीही असो. म्हणून निवेदनात दोन गोष्टी मागाव्यात. नोटीस देण्याआधी खुलाशाचा सोपा मराठी नमुना मिळावा आणि त्यात जमा रकमेची अशी वर्गवारी करायला जागा असावी. दुकानदारांनाही एक गोष्ट सांगत राहा: घरच्या व्यवहाराचा क्यूआर आणि दुकानाचा क्यूआर वेगळा ठेवा. नाही ठेवला तर चार वर्षांपूर्वीची एकेक नोंद आठवून खुलासा लिहावा लागतो, आणि ते कुणालाच जमत नाही.

सर्वांत जास्त वेळ आम्हाला खातं गोठण्याच्या प्रश्नावर द्यायचा आहे, कारण इथे दुकानदार पूर्ण एकटा पडतो. हे घडतं असं. दूर कुठेतरी कुणाची फसवणूक होते. तो सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करतो किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले तो पहिला थर, तिथून पुढे गेले तो दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थरातल्या बँकेला रक्कम अडवण्याची सूचना जाते, आणि ती तशी जायलाच हवी, कारण फसवणूक झालेल्याचे पैसे वाचण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते. पण तिसऱ्या-चौथ्या थरात लक्ष्मी रस्त्यावरचा मोबाइल दुकानदार असतो. त्याने अठरा हजारांचा फोन विकलेला असतो, बिल दिलेलं असतं, आणि पैसे कुठून आले हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो. अनेकदा बँक वादातली अठरा हजारांची रक्कम अडवून थांबत नाही, संपूर्ण खातं बंद करते. मग त्या खात्यातून जाणारे पगार, भाडं, कर्जाचा हप्ता सगळंच अडतं. हप्ता चुकला की सिबिलवर डाग पडतो. तक्रार नोंदलेलं पोलीस ठाणं दुसऱ्या राज्यात असतं.

अशा दुकानदाराने काय करावं ते तुम्हाला पाठ असायला हवं. आधी बँकेकडून लेखी घ्यायचं: तक्रारीचा पोचक्रमांक, वादातली रक्कम, तो व्यवहार कोणता याचा यूटीआर, सूचना आल्याची तारीख, पोलीस ठाण्याचं नाव आणि राज्य. खात्यावर विशिष्ट रकमेचा लिएन (तेवढीच रक्कम अडवणं) आहे की पूर्ण डेबिट फ्रीज (पैसे काढणंच बंद), हेही त्यातच लिहून घ्यायचं. शाखेत तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी ईमेल करून ‘आपण असं सांगितलंत’ अशी नोंद ठेवायची. त्यानंतर बिल, मालाचा सिरियल क्रमांक, ग्राहकाचा फोन क्रमांक आणि त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण एकत्र करायचं. चित्रण बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते सर्वांत आधी काढून ठेवायचं. मग तपास अधिकाऱ्याला अर्ज आणि त्याची प्रत बँकेच्या नोडल (अशा तक्रारींसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला. अर्जात ‘खातं मोकळं करा’ एवढंच लिहू नये. ‘वादातली अमुक रक्कम अडवून ठेवण्यास माझी हरकत नाही, उर्वरित खातं खुलं करावं’ असं लिहावं, कारण अधिकाऱ्याला ते मान्य करणं सोपं जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली मालमत्ता जप्त केली की पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला तातडीने कळवायचं असतं. तसं कळवलं का, हे विचारावं. दाद लागली नाही तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बँकेच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे, आणि तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला शुल्क नाही.

तुमच्या निवेदनात यावर चार वाक्यं पुरेत. वादातल्या रकमेपुरताच लिएन असावा. खातेदाराला त्याच दिवशी पोचक्रमांकासह एसएमएस जावा. दंडाधिकाऱ्याचा आदेश ठरलेल्या मुदतीत आला नाही तर लिएन आपोआप उठावा. दुकानदाराचा खुलासा स्थानिक पोलीस ठाण्यात स्वीकारला जावा. यातलं जे नियमात किंवा कार्यपद्धतीत आलं आहे ते शाखेत उतरलं आहे का, ते तपासणं हेही धोरण विभागाचंच काम. तुमच्या कंपनीकडे कोणत्या दुकानदाराचं सेटलमेंट किती दिवस अडलं याची नोंद असते. नावं काढून त्या नोंदींची बेरीज निवेदनाला जोडलीत तर त्या चार वाक्यांना वजन येईल. अशी आकडेवारी बाहेरच्या कुणालाही जमवता येत नाही. ती तुमच्याच हातात आहे.

कर्जाकडे येऊ. क्यूआरवरचा रोजचा गल्ला पाहून अ‍ॅप दुकानदाराला कर्ज देऊ करतं, आणि दर बऱ्याचदा ‘फ्लॅट’, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर, सांगितला जातो. हिशेब करून दाखवतो. एक लाख रुपये, बारा महिने, फ्लॅट १८ टक्के: व्याज १८ हजार, मासिक हप्ता ९,८३३ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, तेव्हा घटत्या शिलकीवर हा दर जवळजवळ ३२ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आधीच कापला तर हातात ९७,६४० येतात आणि खरा दर ३६ टक्क्यांच्या पुढे जातो. रोज हप्ता कापला जात असेल तर मुद्दल आणखी लवकर परत जातं, म्हणजे दर आणखी चढतो. १८ आणि ३६ यातलं हे अंतर उघड करण्यासाठीच रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक) लागू केलं. त्यात वार्षिक एकूण खर्चाचा दर लिहावा लागतो. त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाचा प्रस्ताव किमान तीन कामकाजाचे दिवस खुला ठेवावा लागतो. आणि ते पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, असं त्याच नियमांत म्हटलं आहे.

म्हणून ज्या कंपनीत रुजू व्हाल तिथे पहिल्याच आठवड्यात विचारा: आपलं पत्रक मराठीत मिळतं का? मराठीत म्हणजे मथळा मराठी आणि आतला मजकूर इंग्रजी, असं चालणार नाही. हे घरातच दुरुस्त करता येतं, त्यासाठी दिल्लीला निवेदन लागत नाही. मुदतपूर्व फेडीचंही पाहा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या दराच्या धंद्यासाठीच्या कर्जांवर व्यापारी बँकांना व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. दुकानदाराला अ‍ॅपवर मिळतं ते कर्ज मात्र बहुधा स्थिर दराचं असतं. ही फट निवेदनात मांडण्याजोगी आहे, आणि ती मांडताना कंपनीच्या आतून विरोध होईल.

अडकलेल्या बिलांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे कायदा चांगला आहे आणि तो वापरला जात नाही. चाकण-भोसरीच्या पुरवठादाराला खरेदीदार सांगतो की जीआरएन (माल मिळाल्याची खरेदीदाराची नोंद) निघाल्यापासून दिवस मोजायचे. कायदा तसं म्हणत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. तिथून करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. पुढे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेच्या निवाड्याला खरेदीदाराला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. तरीही लोक जात नाहीत, कारण वेंडर कोड (पुरवठादार म्हणून असलेली नोंद) जाण्याची भीती. ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर बिल चढवलं, खरेदीदाराने स्वीकारलं, की बँका बोली लावतात आणि पुरवठादाराला पैसे मिळतात. खरेदीदाराने बुडवलं तरी ते परत मागितले जात नाहीत. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. खासगी खरेदीदाराला तिथे प्रत्येक बिल स्वीकारण्याची सक्ती नाही, आणि गाडी तिथेच अडते. मागणी करायची तर या टप्प्यावर करा: पंधरा दिवसांत लेखी हरकत नसलेलं बिल ट्रेड्सवर स्वीकारलेलं मानावं.

निवेदन लिहिण्याची रीत शिकवली जात नाही, म्हणून प्राध्यापकांना थेट विनंती. रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या चौकटीनुसार मसुद्यावर लोकांच्या अभिप्रायासाठी साधारणपणे किमान २१ दिवस मिळतात. एकवीस दिवसांत पेठांमधून माहिती जमत नाही. ती आधीपासून जमलेली असावी लागते. विद्यार्थ्यांना प्रबंधाऐवजी एका सत्रात एक खरं निवेदन लिहायला लावा. कलमाचा क्रमांक, आजचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण आणि पुरावा, एवढंच, दोन पानांत. जुन्या परिपत्रकांचे क्रमांक तपासून घ्यायला सांगा, कारण २८ नोव्हेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेने नऊ हजारांहून जास्त परिपत्रकं रद्द करून २४४ एकत्रित निर्देश काढले, आणि रद्द झालेल्या परिपत्रकाचा दाखला दिलेलं निवेदन पहिल्या पानावरच बाजूला पडतं. याच शहरातल्या पुणे सार्वजनिक सभा या संस्थेने १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं गावोगाव पाठवून परिस्थितीची माहिती गोळा केली आणि मग सरकारला लिहिलं. विद्यापीठ रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे, कोंढव्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे, गोखले संस्था १९३० पासून आहे. नियम करणारे, बँका चालवणारे आणि अर्थकारण शिकवणारे इथे एवढ्या जवळ आहेत. तरीही या संस्थांमधला विद्यार्थी मार्केट यार्डात जाऊन आडत्याचं सेटलमेंट स्टेटमेंट वाचत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

नोकरी घेणाऱ्यांना शेवटचं. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. धोरण विभाग कुणाला उत्तर देतो, विक्री प्रमुखाला की थेट संचालक मंडळाला? दुकानदारांच्या तक्रारींची नोंद धोरण विभागाला पाहता येते का? आणि दुकानदाराचं व कंपनीचं हित वेगळं असेल तेव्हा निवेदनात तसं नोंदवायला मुभा आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी नोकरी नाकारा असं आम्ही म्हणणार नाही. घर सगळ्यांना चालवायचं असतं. मात्र त्या निवेदनात ‘लहान व्यावसायिकांच्या वतीने’ हे शब्द घालू नका, ‘कंपनीच्या वतीने’ असं लिहा. आणि जिथे मुभा मिळेल तिथे तुमचं निवेदन दिल्ली-मुंबईला जाईल त्याच दिवशी त्याची मराठी प्रत इथल्या व्यापारी संघटनांना आणि औद्योगिक वसाहतींच्या संघटनांना पाठवा, म्हणजे मुदत संपण्याआधी त्यांना स्वतःचा अभिप्राय स्वतःच्या सहीने पाठवता येईल.

आपले,
लहान व्यापारी आणि लघुउद्योजकांचे अर्ज, हिशेब आणि निवेदनं हाताळणारे काही जण, पुणे